सहा प्रयोग, पाच पात्रं

विज्ञानाचे तीन खोके बाहेरच्या खोलीत येऊन पडले होते आणि त्यातला एक निवडायचा होता, काम एवढंच होतं. घरातल्या दोन्ही मुली शाळेत जात नसत, घरीच शिकत. गणित, भाषा, इतिहास हे आई शिवणाच्या मशीनवर बसल्या बसल्या उरकून टाकी. ती लोकांच्या घरचे पडदे शिवून देत असे, आणि अस्तर लावता लावता एखादं साम्राज्य बुडवणं तिला जड जात नसे. विज्ञान मात्र हातांनी करायचं असतं असं तिचं ठाम मत होतं आणि तिचे स्वतःचे दोन्ही हात चुण्यांमध्ये अडकलेले असत. म्हणून तिने तीन कंपन्यांचे 'स्वतः करून शिका' छापाचे अभ्यासक्रम नमुन्यादाखल मागवले होते.

बाबा विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासत. जळालेली स्वयंपाकघरं आणि तुंबलेली तळघरं यांचे फोटो दिवसभर पाहिल्यावर माणसाचं जे होतं ते त्यांचंही झालं होतं. घरात मेणबत्ती लावली तरी ते आधी दार कुठे आहे ते बघून ठेवत.

"कोणी हात लावू नका," खोके पाहताच ते म्हणाले. "आधी मला सूचना वाचू द्या."

"अहो, हात लावायचाच अभ्यासक्रम आहे तो," आई म्हणाली.

पहिल्या खोक्यात सगळं मोजून, पुड्या बांधून दिलेलं होतं. वर्षभराचं विज्ञान, रोज एक पुडी. धाकटीने ते दुपारी जेवण आणि झोप यांच्या मधल्या वेळात फोडून जवळजवळ संपवलं. दुसऱ्या अभ्यासक्रमात नुसतंच जाडजूड पुस्तक होतं आणि प्रत्येक पानावर 'घरात सहज मिळणारं साहित्य घ्या' असं लिहिलेलं होतं. पुढे ते साहित्य दिलं होतं: तांब्याची तार, ट्रकच्या टायरची ट्यूब, मेलेली मधमाशी. घर कोणाचं ते मात्र लिहिलेलं नव्हतं. तिसरा खोका बाबांना एकदम पसंत पडला. त्यात चष्मे होते, हातमोजे होते, जाड एप्रन होते, आणि हे सगळं चढवून झाल्यावर बघण्यासाठी ज्वालामुखीचं चित्र असलेली चार पानं होती.

"हा घेऊ," बाबा म्हणाले.

"यात विज्ञान कुठेय?"

"अपघात होत नाही, हेच विज्ञान."

मग बाबांनी तिन्ही अभ्यासक्रमांतली आग, पाणी, वीज, टोकदार, धारदार आणि गिळण्याजोगी अशी सगळी प्रकरणं लाल पेन्सिलने खोडली. उरलं एक. भिंगातून मुंगी पाहणे. त्यावरही त्यांनी बराच विचार केला, कारण भिंगाने कागद पेटतो आणि मुंगी चावते.

हे भांडण सुखाने महिनाभर चाललं असतं. पण बाबांची मोठी बहीण मध्ये पडली. ही आत्या निवृत्त मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली ती शाळेतून, मुख्याध्यापिकेच्या पदावरून नव्हे. मुली घरी शिकतात हे तिला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. तिने आपल्या जुन्या शाळेत दोघींसाठी दोन जागा धरून ठेवल्या होत्या आणि प्रवेशाचा शेवटचा दिवस सोमवार होता.

"मी रविवारी येते," तिने फोनवर आईला सांगितलं. "मुलींनी मला प्रयोग करून दाखवावेत. जमले तर शिकवा घरी, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही जमले तर सोमवारी प्रवेश. कबूल?"

"कबूल, वन्सं," आई म्हणाली आणि फोन ठेवून तिने आधी थोरलीकडे पाहिलं. आत्याच्या शाळेतच थोरली चार वर्षं काढून आली होती. तिथे विज्ञान एका कपाटात होतं आणि कपाटाला कुलूप होतं. आत काय आहे असं विचारलं म्हणून थोरलीला बाकावर उभं केलं होतं, आणि त्यानंतर तिने कोणालाच काही विचारणं सोडून दिलं होतं. घरी आल्यावर दोन महिन्यांनी एकदा जेवताना तिने विचारलं, "आई, फुग्यातली हवा जाते कुठे?" त्या दिवशी आई जेवण तसंच टाकून फुगा आणायला धावली होती. ती पोर पुन्हा गप्प व्हावी हे आईला काही केल्या चालणार नव्हतं.

ठरलं असं की तिन्ही अभ्यासक्रमांतले दोन दोन, मिळून सहा प्रयोग करायचे. ज्याचे चांगले होतील तो घ्यायचा. एका दगडात आत्याही गप्प बसेल आणि खोकाही निवडला जाईल. आईने लगेच बाबांना निरोप टाइप केला: 'रविवारी अकरा वाजता प्रयोग. मुली तयार आहेत. वन्सं येणार. या वेळी फसला तर सगळं संपलं.' निरोप पाठवून ती पुन्हा मशीनवर बसली. तो बाबांना न जाता इमारतीच्या ग्रुपवर गेला होता.

इमारतीचे सेक्रेटरी पूर्वी हौशी नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होते. पडद्याआडून दुसऱ्यांना वाक्यं सांगण्यात त्यांची उमेद गेली होती. इमारतीत आल्यापासून पाण्याची टाकी आणि बंद पडलेली लिफ्ट यापलीकडे त्यांच्या वाट्याला काही आलं नव्हतं. 'प्रयोग' हा शब्द वाचून ते पायात चपला न घालता वर आले.

आईच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यामुळे ती मोजकं बोलत होती, आणि त्यानेच घात केला.

"प्रयोग करताय म्हणे. कळवलं नाहीत आधी."

"हं. मुली करताहेत."

"किती प्रयोग?"

"सहा."

"एकाच दिवशी?" सेक्रेटरी चाट पडले. "आमच्या वेळी दोन झाले तरी घसा बसायचा. बरं, पात्रं किती आहेत?"

"पाच. तीन काचेची."

सेक्रेटरींनी यावर क्षणभर विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला. "अस्सं. म्हणजे प्रायोगिक आहे."

"प्रायोगिकच," आई टाचण्या काढत म्हणाली. "नाहीतर नुसतं पुस्तक वाचूनही भागलं असतं. पण पात्रं फार नाजूक हो. एक कालच फुटलं."

"आयत्या वेळी फुटलं? आहेतच अशी माणसं. मग त्या जागी कोण?"

"बरणी घेतलीय लोणच्याची. चालेल ना?"

"प्रायोगिकमध्ये सगळं चालतं," सेक्रेटरी आदराने म्हणाले. "पण घरात कशाला करता? खाली हॉल आहे. खुर्च्या आहेत. फक्त पडदा लागेल."

"पडद्याला काय तोटा? शिवून तयार आहे एक, मधून उघडणारा. गिऱ्हाईक मंगळवारी न्यायला येणार आहे." हॉलची फरशी धुता येते हे आईच्या लगेच लक्षात आलं. बाबांनीही त्या सूचनेला आनंदाने मान डोलावली, कारण हॉलला बाहेर पडायला दोन दारं होती.

शनिवारी जिन्यात पुन्हा गाठ पडली. "रंगीत तालीम झाली का?" सेक्रेटरींनी विचारलं.

आईने आपले हात पाहिले. प्रयोगासाठी जांभळा कोबी उकळून त्याचं पाणी काढलं होतं. आंबट काही पडलं की ते गुलाबी होतं आणि सोडा पडला की निळं. "झाली ना," ती म्हणाली. "ओटा अजून जांभळा आहे. घासून घासून हात दुखले."

एवढी मेहनत घेणारी नटमंडळी आपण पाहिली नाहीत असं सेक्रेटरी त्या दिवशी घरोघरी सांगत होते.

रविवारी आत्या हॉलच्या दारात आली आणि थबकली. आत सगळी इमारत बसलेली होती. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर सहकुटुंब आले होते. वरच्या मजल्यावरच्या आजी दूरचा चष्मा घेऊन पहिल्या रांगेत होत्या. एकदोघांनी हार आणले होते.

"विज्ञानाला एवढी माणसं?" आत्याने आईला विचारलं.

"मलाही माहीत नव्हतं, वन्सं," आई म्हणाली, आणि तिला खरोखरच माहीत नव्हतं. लोकांना विज्ञानाची एवढी आवड असावी याने तिला भरून आलं.

मग तीन वेळा घंटा वाजली. घंटा ऐकताच आत्या सवयीने ताठ बसली. पडदा उघडला. टेबलामागे हातमोजे, चष्मे आणि गुडघ्याखाली येणारे एप्रन घातलेल्या दोघी उभ्या होत्या. वेषभूषेला जोरदार टाळ्या पडल्या.

पहिल्या प्रयोगात अंडं मिठाच्या पाण्यावर तरंगायचं होतं. जाड हातमोज्यांमुळे ते धाकटीच्या हातातून निसटलं आणि टेबलावरून घरंगळत दातांच्या डॉक्टरांच्या बुटावर जाऊन फुटलं. "सुरुवात विनोदी आहे," मागून कोणीतरी समाधानाने म्हणालं. थोरलीने हातमोजे काढून ठेवले आणि दुसरं अंडं नीट तरंगवलं, तेव्हा लोक थोडे हिरमुसले. पाण्यावर टाचणी तरंगवताना ती जरा वेळ गप्प राहिली. लगेच पडद्याआडून सेक्रेटरींचा दबका आवाज आला, "हे देवा, आता माझं कसं होणार?"

"काय?" थोरली म्हणाली.

"म्हण, म्हण. हे देवा."

तिसरा प्रयोग ज्वालामुखीचा होता. बाबांनी लाल पेन्सिलने दोनदा खोडलेला हाच तो, आणि मुलींनी हट्टाने घेतलेलाही. धाकटीने आठवडाभर खपून मातीचा डोंगर केला होता, पायथ्याशी घरं मांडली होती आणि प्रत्येक घरात कोण राहतं तेही ठरवलं होतं. डोंगराच्या तोंडात खायचा सोडा भरला होता. वरून व्हिनेगर ओतलं की फेस उसळून खाली येणार होता.

"आता गाव बुडणार," धाकटीने जाहीर केलं. "डॉक्टरांचं घर आधी."

तिने बाटली उपडी केली. अर्धी बाटली आत गेली. डोंगराने एक बुडबुडा काढला आणि तो स्वस्थ बसला. धाकटीने डोंगराला कान लावला. "दुष्टा, तू मला फसवलंस," पडद्याआडून आवाज आला, पण धाकटीला रडू फुटायच्या बेतात होतं. आईच्या डोळ्यांसमोर ते कुलूपबंद कपाट आलं.

आत्या उभी राहिली. चालत टेबलापर्यंत गेली आणि लोकांकडे तोंड करून वळली. उभं राहून बोलायचं तर समोर वर्ग पाहिजे, ही तिची जुनी खोड होती.

"याला शिक्षण म्हणतात?" ती कडाडली. "मुलांना घरात कोंडायचं, एप्रन चढवायचे आणि मातीचे ढिगारे करायचे? शिस्त नाही, घंटा नाही, परीक्षा नाही. अंडं तरंगवलं की झालं विज्ञान? उद्याच्या उद्या या मुली शाळेच्या बाकावर दिसल्या पाहिजेत."

हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. खलनायिका उशिरा आली होती, पण आली ती प्रेक्षकांतून, हे सगळ्यांना फार नवीन वाटलं. "काय आवाज लावलाय," आजी म्हणाल्या.

"वन्स मोअर," सेक्रेटरी पडद्याआडून ओरडले. मग सगळेच ओरडायला लागले.

आत्या गोंधळून आईकडे वळली. "हे सगळे मला वन्सं का म्हणताहेत? यांच्या कोणाच्या नवऱ्याची मी बहीण आहे?"

"कोणाच्याच नाही, वन्सं. तुम्ही पुन्हा बोलावं असं त्यांना वाटतंय."

तीस वर्षांच्या नोकरीत हे कोणालाच वाटलं नव्हतं. आत्या घोटाळली. तिने तेच भाषण पुन्हा केलं आणि खरं सांगायचं तर आधीपेक्षा चांगलं केलं.

"आत्या, थांब," टाळ्या ओसरल्यावर थोरली म्हणाली. "अजून संपलं नाहीये. काल हेच केलं तेव्हा फेस आला होता. आज का नाही आला?"

"फसला म्हणून नाही आला. उत्तर पुस्तकात असेल, ते लिहून काढ."

"पुस्तकात आलाय म्हणून लिहिलंय. इथे नाही आला." थोरलीने कोबीचं पाणी दोन बशांत ओतलं. "डोंगरात दोनच गोष्टी आहेत. सोडा आणि व्हिनेगर. म्हणजे दोघांतलं कोणीतरी खोटं बोलतंय."

लोक खुर्च्यांवर पुढे सरकले. विनोदी म्हणून आलेलं नाटक रहस्यमय निघालं होतं. थोरलीने पहिल्या बशीत चिमूटभर सोडा टाकला. जांभळं पाणी निळं झालं. "सोडा खरा आहे," ती म्हणाली. दुसऱ्या बशीत तिने बाटलीत उरलेलं व्हिनेगर ओतलं. ते गुलाबी व्हायला हवं होतं. पाणी जांभळंच राहिलं, नुसतं थोडं फिकं झालं.

"हे व्हिनेगर नाही. हे पाणी आहे," थोरली म्हणाली. "कोणीतरी बदललंय."

हॉलमध्ये कुजबूज पसरली. "त्या मास्तरीणबाई," आजींनी मोठ्याने निकाल दिला.

"मी?" आत्या संतापली. "मी आत्ता आलेय."

"घरून निघताना मी वास घेतला होता," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "तेव्हा नाक झोंबलं होतं."

"मग इथे आल्यावर बदललं," थोरली म्हणाली. "आणि ज्याने ओतलं त्याच्यावर थोडं तरी उडालंच असणार." तिने कापसाचा बोळा कोबीच्या पाण्यात बुडवला आणि टेबलापाशी आलेल्या प्रत्येकाची बाही तपासायला सुरुवात केली. आईची बाही जांभळी झाली. आत्याने मुकाट्याने हात पुढे केला, तिचीही जांभळीच झाली. पडद्यामागून सेक्रेटरींना ओढून काढलं, तेही निर्दोष ठरले आणि जरा खट्टू झाले. बाबा तेवढ्यात दुसऱ्या दाराच्या दिशेने निघाले होते. जवळचं दार कुठलं ते त्यांना पाठ होतं.

"बाबा, हात," धाकटी म्हणाली.

बाबांच्या पांढऱ्या सदऱ्याची बाही अजून ओलसर होती. बोळा लागला आणि ती सुंदर गुलाबी झाली. रंगेहाथ पकडणं म्हणतात ते इतकं शब्दशः त्या इमारतीत पूर्वी कधी झालं नसेल.

"अहो," आई म्हणाली. एवढंच म्हणाली.

"मी बंद केला नाही प्रयोग," बाबा खाली मान घालून म्हणाले. "फक्त संभाव्य नुकसान कमी केलं. पहिल्या रांगेत आजी होत्या. फरशी निसरडी झाली असती. शिवाय तो मंगळवारचा पडदा…" पुढचं वाक्य पडद्याआडून सांगायला आता कोणी नव्हतं.

हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. आत्या मात्र त्या गुलाबी बाहीकडे आणि मग दोन बशांकडे बघत राहिली.

"आमच्या शाळेत प्रयोग फसला की," ती हळूच म्हणाली, "आम्ही मुलांना सांगायचो, 'प्रयोग यशस्वी झाला' असं लिहा. मी स्वतः सांगितलंय. किती वर्षं." मग तिने थोरलीकडे पाहिलं. "तुला कसं कळलं गं?"

"कळलं नव्हतं. म्हणून तर बघितलं."

आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मुली घरीच शिकतील," ती आईला म्हणाली. "शाळेत कोणाला घालायचंच असेल तर याला घाल. पाया कच्चा आहे." हा निकाल बाबांबद्दल होता आणि बाबांनी तो मान्य केला.

आईने दोन्ही पोरींना एप्रनसकट जवळ ओढलं आणि त्यांच्या डोक्यांवर मनसोक्त रडून घेतलं. मग नाक पुसत तिने विचारलं, "पण खोका कुठला घ्यायचा गं?"

"कुठलाही घे," थोरली म्हणाली. "फक्त तो बाबांनी आधी उघडायचा नाही."

उरलेले तीन प्रयोग कोणी मागितले नाहीत. एवढ्या शेवटानंतर पुढे काही दाखवणं बरं दिसलंही नसतं. आणलेले हार आत्याच्या गळ्यात पडले. ती "अहो, मी नट नाही" असं सांगत होती आणि लोकांना तो तिचा विनय वाटत होता.

सेक्रेटरी गर्दीतून वाट काढत बाबांकडे आले. त्यांचे डोळे पाणावले होते. बाबांचा गुलाबी हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. "उभी हयात नाटकवाल्यांत गेली माझी," ते म्हणाले. "पण पकडला गेल्यावर असा चेहरा पडलेला मी पाहिला नाही. आणि तुम्ही ते आडून कोणी वाक्य न सांगता केलंत. फक्त एक सांगा, इतक्या लवकर का संपवलंत? आम्ही अजून बसलो असतो."

बाबांनी हॉलच्या त्या टोकाला पाहिलं. आई पडद्याची घडी घालत होती. घडी घालताना ती त्यांच्याकडेच बघत होती.

"संपलं कुठे?" बाबा म्हणाले. "हा पहिला अंक झाला. दुसरा घरी आहे. त्याला प्रेक्षक नसतात."